बंदरावरून दर्शनाला: क्रूझच्या सहलीत परदेशातली धर्मस्थळं पाहण्याची तयारी

क्रूझचं जहाज साधारण सकाळी सात-आठला बंदराला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सुटतं. त्यातून जहाजावरून उतरण्याचा वेळ, बंदराच्या फाटकापर्यंतचा वेळ, जाण्यायेण्याचा प्रवास आणि परत येऊन चढण्याचा वेळ वजा केला, की हातात चार-पाच तास उरतात. त्या चार-पाच तासांत एखादं चर्च, मशीद, मठ किंवा बुद्धमंदिर पाहायचं असतं. आणि त्या जागेला तुमच्या जहाजाशी काहीएक देणंघेणं नसतं. नमाजाची वेळ झाली की पर्यटकांना बाहेर थांबावं लागतं, मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सुरू झाली की हिंडणं थांबवावं लागतं, सण असला तर दिवसभर दार बंद.

किल्ले, संग्रहालयं, समुद्रकिनारे यांच्या सहलीत आणि या सहलीत हाच फरक आहे. इथे दोन घड्याळं चालू असतात, एक जहाजाचं आणि एक त्या जागेचं, आणि दोन्ही तुमच्यासाठी थांबत नाहीत. सगळी तयारी ही दोन घड्याळं जुळवण्याची आहे. कपडे, कागदपत्रं, पिशवी हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: तारखेआधी वार बघा

बुकिंग करताना बहुतेक जण फक्त बंदरांची नावं वाचतात. त्याच वेळी प्रत्येक बंदराच्या तारखेपुढे वार लिहून काढा. जहाज शुक्रवारी इस्तंबूलला लागतंय, रविवारी रोमच्या बंदरात असणार आहे, असं एकदा कागदावर दिसलं की अर्धे घोळ आधीच कळतात.

उदाहरणं घेऊ. व्हॅटिकनची संग्रहालयं, म्हणजे सिस्टीन चॅपेलसुद्धा, रविवारी बंद असतात. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश फुकट, पण वेळ दुपारपर्यंतच आणि रांग अशी की जहाजावरच्या माणसाने तिच्या नादाला लागू नये. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर सेंट पीटर चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते आणि ती संपेपर्यंत बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, सहसा जाता येत नाही. ज्याला पोपना पाहायचं आहे त्याच्यासाठी बुधवार सोन्यासारखा, ज्याला बॅसिलिकातलं मायकेलअँजेलोचं ‘पिएता’ हे शिल्प शांतपणे पाहायचं आहे त्याच्यासाठी तोच वार गैरसोयीचा.

मशिदींच्या बाबतीत शुक्रवार लक्षात ठेवा. इस्तंबूलची निळी मशीद रोज पाचही नमाजांच्या वेळी पर्यटकांना बंद असते आणि शुक्रवारी दुपारची मोठी नमाज होईपर्यंत आत जायचा विचारच करू नये. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत मुस्लिमेतर पाहुण्यांना फक्त सकाळी, आठ ते अकराच्या दरम्यान सोडतात, आणि शुक्रवारी मुळीच नाही. म्हणजे जहाज मस्कतला दुपारी लागणार असेल तर त्या मशिदीवर पाणी सोडायचं आणि दुसरं काहीतरी ठरवायचं. अबू धाबीची शेख झायेद मशीद त्या मानाने सैल आहे, पण शुक्रवारी मधले काही तास तीही बंद असते आणि प्रवेश फुकट असला तरी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. कासाब्लांकाच्या हसन दुसरे मशिदीत मुस्लिमेतरांना ठरावीक वेळच्या मार्गदर्शित फेरीतूनच आत जाता येतं; मोरोक्कोतल्या बहुतेक बाकीच्या मशिदी त्यांना बाहेरूनच पाहाव्या लागतात.

जेरुसलेममध्ये शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. ज्यूंच्या प्रार्थनेची जागा असलेल्या पश्चिमेच्या भिंतीपाशी त्या काळात जाता येतं, पण तिथे फोटो काढायचे नाहीत, लिहायचंही नाही. टेंपल माउंटच्या, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या, आवारात मुस्लिमेतरांना शुक्रवारी-शनिवारी प्रवेश नसतो आणि इतर दिवशीही मोजके तासच मिळतात. ऑक्टोबर 2023 नंतर अनेक क्रूझ कंपन्यांनी हैफा आणि अश्दोद ही इस्रायलची बंदरं वेळापत्रकातून काढली. त्यामुळे पवित्र भूमीच्या यात्रेसाठीच क्रूझ घेत असाल, तर बंदर वगळलं गेलं तर काय, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. करारात कंपन्यांनी मार्ग बदलण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.

वारानंतर सणांचं पंचांग. रमझान दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर बऱ्याच वर्षी कॅथलिक ईस्टरपेक्षा वेगळ्या तारखेला येतो, त्यामुळे ग्रीसला जाताना नेहमीच्या कॅलेंडरवर विसंबू नका. 15 ऑगस्ट हा येशूची आई मारिया हिच्या स्वर्गारोहणाचा दिवस इटली, स्पेन, ग्रीस सगळीकडे सुटीचा. पोर्तुगालमध्ये फातिमा या गावी 13 मे आणि 13 ऑक्टोबर या दिवशी प्रचंड यात्रा भरते. लिस्बनला जहाज त्याच दिवशी लागलं, तर श्रद्धाळूंनी जरूर जावं आणि नुसत्या पाहुण्यांनी टाळावं. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही पोया म्हणून सुटी असते. बालीत न्येपीच्या, म्हणजे मौनाच्या सणाच्या, दिवशी तर चोवीस तास विमानतळ, बंदर, रस्ते सगळं बंद असतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. ज्या जागेला जायचं तिचं अधिकृत संकेतस्थळ एकदा बुकिंगच्या वेळी आणि एकदा निघण्याच्या आठवड्यात उघडायचं, इतकंच. राजघराण्याचा समारंभ, दुरुस्तीचं काम, एखाद्या बड्या पाहुण्याची भेट असल्या गोष्टी तिथेच कळतात.

दुसरी पायरी: बंदराचं नाव आणि गावाचं नाव एक नसतं

माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात ‘रोम’ असतं आणि जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक मोठ्या जहाजांसाठी लेम चबांग, रस्त्याने सुमारे दोन तास, आणि शहरातली वाहतूक मनात आली तर त्याहून जास्त. ‘जेरुसलेम’ हैफाहून साधारण दीडशे किलोमीटर, अश्दोदहून त्याच्या निम्म्यावर. उलट कुशादासीहून एफेसस वीसेक किलोमीटर, त्यामुळे तिथे एफेससचे अवशेष, सेल्चुकमधली सेंट जॉनची बॅसिलिका आणि डोंगरावरचं मारियेचं घर अशी तीन ठिकाणं अर्ध्या दिवसात घाई न करता होतात. इस्तंबूलचं गलाताबंदर तर शहराच्या पोटातच आहे. तिथून ट्रामने निळ्या मशिदीच्या सुलतानअहमद भागात पोचायला फार वेळ लागत नाही.

हे अंतर कळलं की ठिकाणांची संख्या आपोआप ठरते. माझं स्पष्ट मत: बंदरापासून तासाभराहून लांब असलेल्या शहरात एकच मोठं धर्मस्थळ धरावं. ‘एका दिवसात रोमची सात चर्चं’ अशा सहलींची गत एक ना धड भाराभर चिंध्या अशी होते. प्रत्येक दारात सुरक्षा तपासणीची रांग, आत वीस मिनिटं, बाहेर येऊन बस शोधणं. ज्याला वेदीसमोर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आहे, त्याला असल्या सहलीत ती पाच मिनिटंच मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट तपासा, जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून उभं राहणार. दुसऱ्या प्रकारात टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. त्याचे क्रमांक वाटतात, जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, आणि स्वतंत्र जाणाऱ्यांचा तास-दीड तास सहज जातो. वारा वाढला तर टेंडर बंद आणि बंदरच रद्द. ग्रीसच्या बेटांवर हे घडतं. पात्मोसला सेंट जॉनचा मठ आणि प्रकटीकरणाची गुहा पाहायला जाणाऱ्यांनी ही शक्यता धरूनच चालावं. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी तर हे आधीच विचारायला हवं, कारण जड विजेच्या खुर्च्या टेंडरवर बहुधा घेत नाहीत.

तिसरी पायरी: सहल जहाजाची, स्थानिक की आपली आपण?

जहाजाची सहल महाग असते आणि गटात चाळीसेक माणसं असतात. पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा कंपनी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवते. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात. बाहेरच्या स्थानिक संस्थेची सहल स्वस्त, गट लहान, वाटाड्या बऱ्याचदा अधिक जाणकार. पण उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, व्हिसा सगळं आपलं आपण. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतील का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

माझा ठोकताळा असा: लांबचं शहर, अनोळखी देश, पहिलीच क्रूझ, यांतल्या दोन गोष्टी असतील तर जहाजाची सहल घ्यावी. कुशादासी, इस्तंबूल, बार्सिलोना अशा ठिकाणी, जिथे धर्मस्थळ बंदराजवळ आहे, तिथे आपापलं जावं.

जहाजाच्या सहलीचं वर्णन मात्र वकिलाच्या नजरेने वाचा. ‘बसमधून विहंगम दर्शन’ म्हणजे खाली उतरायचं नाही. ‘बाहेरून पाहणी’ म्हणजे दाराशी उभं राहून फोटो. ‘आपल्या मर्जीने’ असा शब्दप्रयोग असेल तर बस फक्त शहरात सोडते आणि परत आणते, तिकिटं तुमची तुम्ही काढायची. प्रवेशशुल्क धरलं आहे का, आत किती वेळ, चालणं किती, पायऱ्या किती, आणि ‘हस्तकला केंद्राला भेट’ कुठे लपली आहे का. तुर्कस्तानात या भेटीचा अर्थ बऱ्याचदा गालिच्यांचं किंवा चामड्याच्या कोटांचं दुकान असा असतो, आणि तिथला पाऊण तास मारियेच्या घरातल्या वेळातून कापला जातो.

तुम्हाला पाहायचं आहे की प्रार्थना करायची आहे, हेही सहल निवडण्याआधी ठरवा. मिस्सेला बसायचं असेल तर सर्वसाधारण सहलीत ते जमत नाही. काही यात्रेकरू गट धर्मगुरूंसह येतात आणि मिस्सेची वेळ आधी ठरवून ठेवतात, त्यांच्याबरोबर जाणं सोयीचं. स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाची दुपारी बाराची यात्रेकरूंची मिस्सा आ कोरुन्या बंदरात उतरून रेल्वेने गाठता येते, पण तिथलं दोरीला टांगलेलं प्रसिद्ध मोठं धूपपात्र रोज झुलवत नाहीत आणि कॅथेड्रलमध्ये पाठीवरच्या सॅक नेऊ देत नाहीत. दोन्ही गोष्टी आधी माहीत असल्या म्हणजे दारात हिरमोड होत नाही.

चौथी पायरी: परतीपासून उलटं मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून एक पूर्ण हिशेब मांडतो.

समजा जहाज चिविताव्हेक्कियाहून संध्याकाळी सातला सुटतंय. सगळ्यांनी जहाजावर परतण्याची वेळ त्याआधी अर्धा तास, काही जहाजांवर तासभर. आपण साडेसहा धरू. आपापले गेला असाल तर बंदरावर त्याच्या दोन तास आधी पोचायचं, म्हणजे साडेचारला. रोमच्या सान पिएत्रो स्टेशनवरून चिविताव्हेक्कियापर्यंत लोकल गाडीला तासाच्या आतबाहेर लागतो, आणि स्टेशनवरून बंदराच्या फाटकापर्यंत व तिथून आतल्या बसने जहाजापर्यंत आणखी पाऊण तास धरा. म्हणजे पावणेतीनची गाडी. बॅसिलिकापासून स्टेशन पायी पंधरा-वीस मिनिटांवर. सव्वादोनला चौक सोडायचा.

आता सकाळची बाजू. जहाज सातला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी होऊन लोकांना खाली सोडेपर्यंत साडेसात-आठ होतात. सगळं सुरळीत झालं तर तुम्ही साडेनऊ-पावणेदहाला व्हॅटिकनपाशी. संग्रहालयाचं वेळेचं तिकीट आधी काढलेलं असेल तर साडेदहा ते एक आत. संग्रहालयाचं दार आणि बॅसिलिकाचं दार वेगळं आहे, भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, आणि चौकात सुरक्षेची नवी रांग. ती तासाभराची निघाली तर बॅसिलिकात तुम्ही पोचाल तेव्हा निघायची वेळ झालेली असेल.

म्हणजे हिशेब सांगतो, दोन्हीपैकी एक निवडा. ज्यांना प्रार्थना महत्त्वाची त्यांनी सकाळी थेट बॅसिलिका गाठावी, ज्यांना चित्रं महत्त्वाची त्यांनी संग्रहालय. असा हिशेब प्रत्येक बंदरासाठी कागदावर करा. त्यात ‘या वेळेला मी जिथे असेन तिथून निघणार’ अशी एक वेळ ठरवा आणि बरोबरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. सिस्टीन चॅपेलच्या छताखाली उभं राहून हा वाद घालायला मजा येत नाही, शिवाय तिथे बोलायचंच नसतं.

हिशेब जहाजाच्या वेळेने करायचा. काही कंपन्या बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही पूर्ण प्रवासात एकच वेळ ठेवतात, आणि मोबाईल मात्र आपल्याआपण स्थानिक वेळ घेतो, सीमेजवळ तर शेजारच्या देशाचीही. मनगटावर साधं घड्याळ बांधा, त्यावर जहाजाची वेळ लावा आणि खाली उतरताना गँगवेवरच्या (जहाजातून उतरण्याच्या पुलावरच्या) फलकावरची परतीची वेळ फोटो काढून ठेवा. धर्मस्थळाच्या वेळा अर्थातच स्थानिक असतात. तासाचा फरक असेल तर कागदावर दोन्ही लिहा.

पाचवी पायरी: कागदपत्रं

जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र प्रत्येक बंदरात लागतं. मूळ पासपोर्ट न्यायचा की केबिनच्या तिजोरीत ठेवायचा, हे देशावर अवलंबून आहे. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात ते लिहिलेलं असतं. बेथलेहेमला जाताना तपासणी नाका ओलांडावा लागतो, तिथे मूळच लागतो. पासपोर्टची प्रत मात्र कायम वेगळ्या खिशात.

व्हिसा हा क्रूझवाल्यांचा नेहमीचा खड्डा. शेंगेन देशातून (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकातून) सुरू होणारं जहाज मध्ये तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल, तर तो दुसरा प्रवेश ठरतो. ज्यांच्या पासपोर्टला व्हिसा लागतो त्यांनी अनेक प्रवेशांचाच मागावा. काही देश क्रूझच्या प्रवाशांना दिवसापुरती सूट देतात, पण काही वेळा ती जहाजाच्या सहलीबरोबर उतरलात तरच लागू असते. कंपनीकडून ईमेलने उत्तर घ्या.

दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. तो कापून पाकिटात ठेवा. उशीर होतोय असं दिसलं की त्यालाच फोन करायचा. प्रवासी वेळेत आला नाही तर कर्मचारी बऱ्याचदा केबिनच्या तिजोरीतून त्याचा पासपोर्ट काढून या एजंटकडे देतात आणि जहाज सुटतं. रोजची औषधं एक दिवस जास्तीची जवळ ठेवायची ती याच कारणासाठी.

सहावी पायरी: कपडे आणि पिशवी

खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले. कॅथलिक चर्चसाठी एवढं पुरतं आणि सेंट पीटरच्या दारात यात सूट मिळत नाही, मग बाहेर कितीही ऊन असो. मशिदीत बायकांनी केस झाकायचे, बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत. शेख झायेद आणि सुलतान काबूस या दोन्ही मशिदी याबाबत कडक आहेत. पातळ, अंगासरशी, आरपार दिसणारे कपडे चालत नाहीत. मेतेओराच्या ग्रीक मठांमध्ये बायकांनी पँट घातली असेल तरी वरून घागरा गुंडाळावा लागतो, तो दारात मिळतो. पुरुषांनी पूर्ण पँट घालायची. पश्चिमेच्या भिंतीपाशी पुरुषांनी डोकं झाकायचं, तर चर्चमध्ये पुरुषांनी टोपी काढायची. बालीत देवळात जाताना कमरेला सारोंग आणि वर पट्टा. बऱ्याच देवळांत पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये असा फलकही असतो.

इतके नियम लक्षात ठेवण्यापेक्षा एक जोड असा शिवून-निवडून ठेवा की तो सगळीकडे चालेल: सैल सुती पूर्ण पँट किंवा घोट्यापर्यंतचा घागरा, लांब बाह्यांचा अंगरखा, आणि एक मोठी अपारदर्शक ओढणी. ओढणी डोक्यावर, खांद्यावर, कमरेला कशीही वापरता येते आणि बसच्या गार हवेत पांघरताही येते. काही ठिकाणी दारात भाड्याने कपडे मिळतात, पण त्याची रांग वेगळी लागते आणि आपल्याकडे वेळ नाही.

बुटांचा विचार दोन बाजूंनी करायचा. मशिदीत, बुद्धमंदिरात ते काढायचे असतात, म्हणून नाडीचे नकोत. पण एफेससचे संगमरवरी रस्ते गुळगुळीत झालेले आहेत, मेतेओराला पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून चपलाही नकोत. मागून पट्टा असलेले, तळ पकडणारे सँडल किंवा सहज निघणारे बूट बरे. बरोबर जाड मोजे घ्या: उघड्या फरशीवर दुपारचं ऊन पडलं की अनवाणी दहा पावलंही कठीण होतात, पण मोजे चालतात का ते तिथे आधी विचारा. बूट ठेवायला एक कापडी पिशवी.

पिशवी लहान असावी. सुरक्षा तपासणीत खिशातली सुरी, कात्री, काचेची बाटली अडते. मोठ्या सॅक जमा कराव्या लागतात आणि त्या परत घ्यायला पुन्हा मूळ दाराशी यावं लागतं. आत काय? पाण्याची प्लास्टिकची बाटली, टोपी, औषधं, मोबाईलची बॅटरी, आणि स्थानिक चलनातली सुटी नाणी. मेणबत्तीच्या पेटीत टाकायला, बुटांच्या रखवालदाराला द्यायला, आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृहात शिरायला नाणीच लागतात. जहाजावरून फळं, सँडविच बांधून नेऊ नका. पुष्कळ देशांत ते किनाऱ्यावर नेण्यास मनाई असते आणि दंड होतो.

अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर श्रीलंकेत ते झाका. 2014 मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक बाईला तिथून परत पाठवण्यात आलं होतं. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणंही तिथे अपमान मानतात.

सातवी पायरी: आत गेल्यावर

दारातला फलक वाचा आणि पहिली दोन मिनिटं बाजूला उभं राहून तिथली माणसं काय करतात ते बघा. निम्मे नियम त्यातूनच कळतात. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. मिस्सा चालू असताना फिरायचं नाही; बसायचं असेल तर मागच्या बाकावर बसा, आणि पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत कॅथलिक नसाल तर जाऊ नका. थायलंडमध्ये बसताना तळपाय मूर्तीकडे येता कामा नयेत, आणि बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही. बँकॉकच्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात आणि सिस्टीन चॅपेलमध्ये फोटोला बंदी आहे. फोटोची परवानगी असली तरी रडणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये, हे फलकावर लिहिलेलं नसतं.

इस्तंबूलच्या आयासोफियाबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण जुन्या माहितीवर जाणारे तिथे गोंधळतात. 2020 साली तिचं संग्रहालय संपून पुन्हा मशीद झाली, आणि 2024 च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात जाता येतं. जुनी मोझेक चित्रं सज्जात आहेत, त्यामुळे तसं नुकसान नाही, पण चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी निळी मशीद आधी करावी.

एक जागा अशी की जिथे अर्ध्या लोकांना जाताच येत नाही. ग्रीसच्या आथोस पर्वतावरच्या मठांत बायकांना प्रवेश नाही, आणि बायका असलेल्या बोटींनाही किनाऱ्यापासून पाचशे मीटर लांब राहावं लागतं. क्रूझच्या कार्यक्रमात आथोसचं नाव दिसलं तर ते समुद्रातूनच दर्शन असतं, दुर्बीण घ्या.

दाराबाहेरच्या मंडळींपासून सावध. बँकॉकच्या राजवाड्यापाशी कुणी अगदी आपुलकीने ‘आज बंद आहे, मी दुसरी देवळं दाखवतो’ म्हणेल. तो तुम्हाला दागिन्यांच्या दुकानात नेणार आहे. दार बंद आहे की उघडं, हे दाराशी जाऊनच पाहायचं. स्पेनमध्ये कॅथेड्रलबाहेर बायका हातात रोझमेरीची डहाळी देतात आणि मग हात पाहून पैसे मागतात. हात मागे ठेवून पुढे चालायचं.

गटाबरोबर असाल तर वाटाड्याचा फोन नंबर, बसचा क्रमांक आणि बस उभी असलेल्या जागेचा फोटो उतरतानाच घ्या. थोडा वेळ एकट्याने बसायचं असेल तर वाटाड्याला आधी सांगा, बहुतेक जण ‘अमुक वाजता दाराशी या’ म्हणून मोकळं सोडतात. न सांगता गायब झालात तर अख्खा गट खोळंबतो.

आठवी पायरी: परत चढताना

गँगवेवर सामान पुन्हा यंत्रातून जातं. तीर्थाचं पाणी, जपमाळ, क्रूस, छोट्या मूर्ती यांना सहसा अडचण येत नाही. फुलं, रोपं, माती, फळं अडवतात, आणि जहाजाने सोडलं तरी पुढच्या देशाचं कस्टम अडवतं. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातलं छोटं ताईत त्यात येत नाही, पण पूजेची मूर्ती घ्यायची असेल तर दुकानदाराला परवान्याचं विचारा. एफेससच्या वाटेवर कुणी ‘जुनं नाणं’ विकायला आलं तर हात लावू नका. बहुधा ते नकली असतं, आणि चुकून खरं निघालं तर तुर्कस्तानात तो गंभीर गुन्हा आहे.

मेणबत्त्या आणि उदबत्त्या मात्र जवळजवळ सगळ्या जहाजांच्या मनाईच्या यादीत असतात, कारण बोटीवर आगीइतकी भीती कशाची नसते. यात्रास्थळाहून घरच्यांसाठी घेतलेली मेणबत्ती बंद वेष्टनात ठेवा आणि गँगवेवर स्वतःहून दाखवा. सुरक्षावाले ती जमा करून पावती देतील. ती पावती पासपोर्टमध्ये ठेवा, म्हणजे शेवटच्या बंदरावर उतरताना मागायची आठवण राहते.